दोन पॉइंटांच्या मधली भाषा

टेनिसच्या सामन्यात प्रत्यक्ष टेनिस फार कमी वेळ चालतं. दोन तासांचा सामना असेल, तर चेंडू खेळात असतो तो वेळ बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आसपास भरतो. वेगवान कोर्टवर त्याहूनही कमी. उरलेल्या वेळात खेळाडू चालतो, घाम पुसतो, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करतो, चेंडू आपटत उभा राहतो. मोठ्या स्पर्धांत एक पॉइंट संपल्यापासून पुढची सर्व्हिस करेपर्यंत २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०. हा मधला वेळ टीव्हीवर जाहिराती आणि पुनःप्रक्षेपणं खाऊन टाकतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. खेळणाऱ्याला मात्र तो सगळा भोगावा लागतो.

आणि तो एकट्याने भोगावा लागतो. फलंदाजाला दुसऱ्या टोकाला जोडीदार असतो. मुष्टियोद्ध्याला फेरी संपली की कोपऱ्यात आपली माणसं भेटतात. कबड्डीत तर अख्खा संघ पाठीशी असतो. टेनिसमध्ये सामना चालू असताना प्रशिक्षकाने सल्ला देणं हाच कित्येक वर्षं नियमभंग होता. अलीकडे तो नियम सैल झाला आहे, तरी चेंडू हातात घेऊन रेषेमागे उभं राहिल्यावर एकेरीचा खेळाडू बोलणार कुणाशी? स्वतःशीच. ज्याला आपण मानसिक प्रशिक्षण म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे हे स्वतःशी चाललेलं बोलणं नीट ऐकणं आणि जमलं तर बदलणं. आता बोलणं म्हटलं की ते कुठल्या तरी भाषेत असणार. माझा या विषयात शिरकाव झाला तो या दारातून.

मी भाषांतरकार आहे. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केलं, तेव्हापासून बंगाली आणि इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणते. टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यात मुलांची शिबिरं घेणाऱ्या एका प्रशिक्षकांनी मला चाळीसेक पानांचा इंग्रजी मजकूर दिला. बारा ते सोळा वर्षांच्या खेळाडूंसाठी मानसिक तयारीचे स्वाध्याय होते त्यात. त्यांच्या शिबिरात सोलापूर, सांगली, नाशिक, हुबळी अशा ठिकाणांहून मुलं येतात. सर म्हणाले, "ही मुलं इंग्रजी शाळेत जातात, कागद वाचतात, भरून देतात. पण सामन्यात डोकं फिरलं की त्यातली एकही इंग्रजीत विचार करत नाहीत."

या मजकुरामागे एक छोटी परंपरा आहे, ती आधी सांगायला हवी. हार्वर्डच्या टेनिस संघाचा एकेकाळचा कर्णधार टिमोथी गॅल्वे याने १९७४ साली 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. तो टेनिस शिकवत असे आणि दरम्यान ध्यानाकडे वळला होता. त्याचं निरीक्षण साधं होतं. खेळाडूला विचारलं की तू काय करतोयस, तर तो म्हणतो, मी स्वतःशी बोलतोय. मग यातला 'मी' कोण आणि 'स्वतः' कोण? गॅल्वेने दोघांना क्रमांक दिले. पहिला सांगणारा, दुसरा करणारा. पहिला सतत सूचना देतो, रागावतो, निकाल लावतो. दुसऱ्याला म्हणजे शरीराला खेळता येतं, पण पहिला त्याला खेळू देत नाही. त्यानंतरच्या दशकात जिम लोअर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अव्वल खेळाडू दोन पॉइंटांच्या मधे नेमकं काय करतात ते बारकाईने पाहिलं. उत्तम खेळाडूंच्या हृदयाचे ठोके या वेळात लवकर खाली येतात असं त्याला आढळलं, आणि त्यातून त्याने १६ सेकंदांचा चार पायऱ्यांचा क्रम बसवला. पॉइंट हरला तरी आधी ताठ चालायचं, मग श्वास सोडून अंग सैल करायचं, मग पुढच्या पॉइंटचं ठरवायचं, आणि शेवटी नेहमीची ठरलेली हालचाल, म्हणजे चेंडू तेवढेच वेळा आपटणं वगैरे. राफाएल नदाल पाण्याच्या बाटल्यांची लेबलं एका दिशेला करून ठेवत असे, त्याची लोक थट्टा करत. आजूबाजूला शिस्त लावली की डोक्यात ती लागायला मदत होते, एवढाच त्याचा हिशोब होता.

हे मराठीत आणताना पहिला अडथळा मुखपृष्ठावरच आला. 'मानसिक' हा शब्द पाहून एका आईने सरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "आमच्या मुलाला तसं काही आहे का?" आपल्याकडे मानसिक या विशेषणापुढे रुग्णालय किंवा आजार आपोआप जोडला जातो. 'मेंटल' तर शिवी झाली आहे. शरीराच्या तयारीला 'शारीरिक' म्हटलं की कुणी दचकत नाही. आम्ही शेवटी पुस्तिकेचं नाव 'मनाची तयारी' ठेवलं. 'मानसिक'मधला दवाखाना 'मनाची' म्हटल्यावर निघून जातो. मराठीत मन हा घरातलाच एक माणूस आहे. ते मानतं किंवा मानत नाही, रमतं, उडतं, एखादी गोष्ट मनाला लावून घेतली की आतून खातं. गॅल्वेला जे दोन 'मी' इंग्रजीत मांडायला क्रमांक द्यावे लागले, ते सोलापूरच्या मुलाला मी एका मिनिटात सांगितले आणि तो म्हणाला, "म्हणजे मन बडबडतं आणि हात खेळतो." तेवढंच.

दुसरा शब्द अधिक अवघड होता. सामना हातात असताना खेळाडूचा खेळ अचानक आटतो, त्याला इंग्रजीत 'चोक' म्हणतात, म्हणजे गळा दाबला जाणं, घुसमटणं. १९९३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० होती. तिथे तिने डबल फॉल्ट केला. नंतर ती एकही गेम जिंकली नाही. ग्राफने तो सेट ६-४ असा घेतला. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. त्या छायाचित्राबरोबर 'चोक' हा शब्द तिच्या नावाला चिकटला, आणि १९९८ साली ती विम्बल्डन जिंकली तरी पुरता सुटला नाही.

मराठीत यासाठी हाताशी असलेला शब्दप्रयोग म्हणजे 'कच खाल्ली'. अर्थ बरोबर आहे, वर्तमानपत्रात शोभेलही. पण तो निकाल आहे. कच खाणारा माणूस भित्रा ठरतो. प्रश्न त्याच्या स्वभावावर जातो. मुलांबरोबर कोर्टच्या कडेला बसून मी ऐकत राहिले, तर ती वेगळंच म्हणत होती. "हात आखडला." "लई जड झालता हात." कुणी "मनगट धरलं गेलं" म्हणत होतं. हात आखडता घेणं म्हणजे खर्चाला मागेपुढे पाहणं हे आपल्याला माहीत आहेच, आणि दडपणाखाली फटका नेमका तसाच होतो. रॅकेट पूर्ण फिरत नाही, मागून पुढे येताना मधेच थांबते. खेळाडू फटका खर्च करायला घाबरतो. म्हणजे जे शरीरात घडतं त्याचं हे तंतोतंत वर्णन आहे, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. हात आखडला असेल तर सोडता येतो. कच खाल्ली असेल तर काय करायचं? गॅल्वेचा सगळा खटाटोप याचसाठी होता की खेळाडूने आपल्या फटक्याला चांगला-वाईट न म्हणता नुसतं पाहावं. त्याचं हे अख्खं प्रकरण या दोन शब्दप्रयोगांतल्या फरकात बसतं. पुस्तिकेत 'कच' कुठेही नाही.

मग मला भीतीचे मराठी शब्द नव्याने दिसू लागले. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात. सगळे अवयवांचे आहेत. आजची मुलं मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत, त्यांना फक्त 'टेन्शन' येतं. टेन्शन कुठे येतं हे सांगता येत नाही, म्हणून त्यावर करण्यासारखंही काही नसतं. सरांनी एक पद्धत सुरू केली. कुणी टेन्शन आलं म्हटलं की विचारायचं, "कुठे आलं?" मूल क्षणभर गोंधळतं, मग पोटावर हात ठेवतं किंवा मान चोळतं. पोटात असेल तर श्वास लांब सोडायचा. खांद्यात असेल तर खांदे कानांपर्यंत उचलून टाकून द्यायचे. पाय गळाले असतील तर जागेवर उड्या मारायच्या. क्रीडा मानसशास्त्रात शरीराकडे लक्ष देण्याचे पाठ असतात, ते हेच. आजीच्या म्हणण्यात ते निम्मे आधीच होते.

इंग्रजी मजकुरातला तिसरा स्वाध्याय असा होता: वाईट पॉइंट गेल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणता, ती वाक्यं जशीच्या तशी लिहा. मुलांनी कागद भरून दिले आणि नाव न घालता घडी करून डब्यात टाकले. सरांनी ते त्या वाक्यांसाठी वाचले. मी क्रियापदांसाठी वाचले, तो माझ्या धंद्याचा दोष आहे. मराठी क्रियापद फार बोलकं असतं. कोण, कुणाला, किती जवळचा, मुलगा की मुलगी, सगळं प्रत्ययात सांगून टाकतं.

"केलंस ना परत?" "लक्ष कुठंय तुझं?" "तुला काही जमणार नाही." "बघ, तो बघ कसा खेळतो." एका कागदावर तर "चला, आवरा, घरी जाऊ" होतं, तेरा वर्षांचं मूल स्वतःला अनेकवचनात हाकलत होतं. 'मी'ने सुरू होणारी वाक्यं शोधावी लागत होती. ही मुलं स्वतःशी बोलत होती असं आपण म्हणतो खरं, पण ही वाक्यं त्यांनी रचलेली नव्हती. कुणीतरी कधीतरी गाडीत, जेवताना, जाळीच्या कुंपणाबाहेरून म्हटलेली, ती आत जशीच्या तशी उतरली होती. मूळ लेखकाचं नाव गाळून छापलेलं भाषांतर असतं ना, तसं. खेळाडूला ते स्वतःचंच लेखन वाटतं.

म्हणजे 'तू' हा शब्दच वाईट असंही नाही. मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ताणाच्या प्रसंगाआधी माणसं स्वतःला 'मी' म्हणण्याऐवजी नावाने किंवा 'तू' म्हणून समजावतात, तेव्हा त्यांना त्या प्रसंगाला जास्त शांतपणे सामोरं जाता येतं. थोडं अंतर मिळतं. आपल्याकडे हे सतराव्या शतकात रामदासांनी दोनशे पाच श्लोकांत करून दाखवलं आहे. 'मनाचे श्लोक' हा आख्खा ग्रंथ मनाला उद्देशून आहे, आणि मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते संबोधन. उपदेश कडक असला तरी ज्याला करायचा त्या मनाला ते सज्जन म्हणून हाक मारतात. आधी मान, मग सूचना. मुलांच्या कागदांवर सूचना होत्या, मान नव्हता. तेव्हा पुस्तिकेत मी स्वाध्यायात एक ओळ वाढवली. प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं: हे कोण म्हणतंय? आणि खाली: हेच तू तुझ्या दुहेरीतल्या जोडीदाराला कसं म्हणशील?

जोडीदाराला कुणीच "तुला काही जमणार नाही" म्हणत नाही. "जाऊ दे रे, पुढचा बघ" म्हणतात. भाषा त्यांच्याजवळ होतीच. स्वतःसाठी वापरायची सवय नव्हती.

बाहेरचा आवाज आत येताना बदलता येतो, याचं सगळ्यात देखणं उदाहरण मला २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सापडलं. पाचव्या सेटमध्ये रॉजर फेडरर ८-७, ४०-१५ असा पुढे होता. दोन चॅम्पियनशिप पॉइंट त्याच्या हातात. नोव्हाक जोकोविचने ते वाचवले आणि चार तास ५७ मिनिटांनी सामना जिंकला. जवळजवळ सगळं स्टेडियम फेडररच्या बाजूने ओरडत होतं. नंतर जोकोविचने सांगितलं, की लोक 'रॉजर' म्हणत होते तेव्हा मी 'नोव्हाक' ऐकत होतो. भाषांतराची इतकी स्वैर आणि इतकी उपयोगी कृती मी दुसरी पाहिलेली नाही.

उलटंही होतं. त्याच मेलबर्नमध्ये जिथे जोकोविच इतक्यांदा जिंकला, तिथे २०११च्या महिलांच्या अंतिम सामन्यात चीनची ली ना किम क्लायस्टर्सविरुद्ध खेळत होती. पहिला सेट तिने जिंकला होता. प्रेक्षकांतले चिनी लोक तिला चिनीत ओरडून सूचना देऊ लागले, तेव्हा ती पंचांकडे गेली आणि इंग्रजीत म्हणाली, की या चिनी लोकांना सांगा, मला टेनिस शिकवू नका. हजारोंच्या गोंगाटात परकी भाषा नुसता आवाज असते. मातृभाषा मात्र थेट आत शिरते, तिला गाळणी लावता येत नाही. तो सामना ती हरली. चार महिन्यांनी पॅरिसमध्ये जिंकली आणि ग्रँड स्लॅम एकेरीचं विजेतेपद मिळवणारी आशियातली पहिली खेळाडू ठरली. पण तिने पंचांना केलेली ती विनंती मला त्या विजेतेपदाइतकीच आठवते, कारण आमच्या कुंपणाबाहेर उभे असतात ते सगळे मातृभाषेतच बोलतात.

वाक्यं काढून टाकल्यावर त्यांच्या जागी काय ठेवायचं? इंग्रजी मजकुरात होकारात्मक विधानांची यादी होती. तिचं मराठी केलं तर 'मी शांत आहे, मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे' असं काहीतरी होत होतं. वाचून दाखवल्यावर मुलं हसली. एक म्हणाला, "शाळेतली प्रतिज्ञा वाटते. हात पुढे करू का?" त्याचं खरं होतं. आपण अशी वाक्यं एका रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या मागून म्हणत आलो आहोत; त्यांत कुणी स्वतःशी बोलत नसतं. आम्ही यादी काढली आणि एका शब्दाच्या आज्ञा ठेवल्या. इथे मराठीने मोठीच सोय केली आहे. क्रियापदाचं सगळ्यात आखूड रूप म्हणजे जवळच्या माणसाला केलेली आज्ञा: बघ, सोड, थांब, चल. 'मला चेंडूकडे पाहायला हवं' या वाक्यात पॉइंट संपून जातो. 'बघ' श्वासात मावतं.

एकच अट घातली, की आज्ञेत 'नको' नसावा. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली लोकांना सांगितलं होतं, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. मग अस्वल जाता जाईना. 'नेटमध्ये मारू नकोस' म्हटलं की डोळ्यांपुढे नेट येतं.

गॅल्वेचा सर्वांत प्रसिद्ध पाठ याहून सोपा आहे. चेंडू जमिनीला लागला की एक शब्द मोठ्याने म्हणायचा, रॅकेटला लागला की दुसरा. बाकी काही ठरवायचं नाही. सांगणाऱ्याला काम दिलं की तो गप्प बसतो आणि करणारा खेळू लागतो. इंग्रजीतले त्याचे दोन शब्द एकेका अवयवाचे, चटकन संपणारे. मी 'टप्पा' आणि 'फटका' दिले. अर्थ अचूक, यमकाचा भासही होता. कोर्टवर उन्हात उभं राहून ऐकलं तेव्हा दिसलं की मुलांनी अर्ध्या तासात ते स्वतःच कापले: "टप्... फट्. टप्... फट्." शब्दाचा शेवटचा स्वर चेंडूपेक्षा सावकाश होता, म्हणून त्यांनी तो टाकला. हुबळीची दोघं आपले कन्नड आवाज काढत होती. छापताना मी मुलांचा पाठ घेतला. संपादकाने सुधारलेलं वाक्य आपल्या वाक्यापेक्षा चांगलं निघालं की जसं वाटतं, तसं वाटलं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिली आहे. २०२१ साली नाओमी ओसाकाने फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदांना जाणार नाही असं जाहीर केलं. तिला १५ हजार डॉलरचा दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली आणि २०१८पासून आपल्याला नैराश्याचे दीर्घ झटके येत असल्याचं सांगितलं. तेव्हा 'मनाने कणखर नाही' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. कणखरपणा हा सरावाचा विषय आहे, आजार हा उपचाराचा. दोन्हीत मनच असलं तरी दोन्ही एक नव्हेत. पोलंडची इगा श्वियाँतेक २०१९पासून डारिया अब्रामोविच या क्रीडा मानसशास्त्रज्ञाबरोबर काम करत आली आणि हे ती जगासमोर बोलली, त्यामुळे आमच्या शिबिरातल्या पालकांशी बोलणं थोडं सोपं झालं. जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या मुलीला मानसशास्त्रज्ञ लागते म्हटल्यावर 'आमच्या मुलाला तसं काही' हा प्रश्न जरा हळू आवाजात येतो.

शिबिरात सांगली भागातली चौदा वर्षांची एक मुलगी होती. सामन्याआधी तिला उलट्या होत, रात्री झोप लागत नसे. सरांनी पुस्तिका बाजूला ठेवून तिच्या वडिलांना मानसशास्त्रज्ञाकडे जायला सांगितलं, आणि ते गेले. खरी मदत तिला तिथे झाली. माझा संबंध एका वाक्यापुरता. तिच्या कागदावर एकच ओळ होती: "एवढे पैसे घातलेत."

वडील मला आधी भेटले होते. रात्रभर गाडी चालवून मुलीला स्पर्धेला आणणारे, शांत गृहस्थ. आपण होऊन म्हणाले होते, "ताई, हरली तरी मी तिला चकार शब्द बोलत नाही." ते खरंच असणार. पण गाडीत पुढच्या कप्प्यात त्यांची एक डायरी असे. टोल, पेट्रोल, प्रवेश शुल्क, तारा बदलल्याचे पैसे, सगळं तारीखवार. मुलीला तो खर्च तोंडपाठ होता.

मराठीत कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो. 'पैसे घातलेत' म्हटलं की क्रियापद पैशांशी जुळतं आणि घालणाऱ्याचं नाव घेण्याची गरज उरत नाही. 'हे कोण म्हणतंय?' या रकान्यात तिने आधी 'बाबा' लिहिलं होतं. मग ते खोडून 'मी' लिहिलं होतं. कुणीही न उच्चारलेलं वाक्य एका मुलीने हिशोबाच्या डायरीतून भाषांतरित करून घेतलं होतं आणि प्रत्येक डबल फॉल्टनंतर स्वतःला ऐकवत होती. आईबापांना गप्प राहायला सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मला त्या खोडलेल्या शब्दावरून कळलं. त्यांची शांतताही वाचली जाते. आता वडील डायरी घरी ठेवतात की नाही ते मला ठाऊक नाही. मुलगी खेळते. काही सामने हरते.

हरण्याबद्दल बोलताना सर आजकाल एक आकडा सांगतात. फेडररने २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात तो सांगितला होता. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला. आणि पॉइंट? फक्त ५४ टक्के. इतिहासातला एक महान खेळाडू जवळजवळ प्रत्येक दुसरा पॉइंट हरत होता. म्हणजे हरल्यानंतरचे ते २५ सेकंद त्यालाही हजारो वेळा मिळाले होते, आणि दर वेळी त्याला आपल्याशी काहीतरी बोलावं किंवा गप्प बसावं लागलं होतं. मुलं हे ऐकून कागदावर हिशोब करतात. शंभरातले सेहेचाळीस. मग एखादं हळूच म्हणतं, "एवढे तर मी पण हरतो."

पुस्तिका आता हिंदीत होते आहे, आणि हुबळीच्या एका शिक्षिका ती कन्नडमध्ये करत आहेत. त्यांचा परवा फोन आला होता. 'हात आखडणे'ला त्यांना शब्द मिळत नव्हता. जो मिळाला त्यात भित्रेपणाची छटा होती. मी म्हटलं, कोशात शोधू नका, मुलांजवळ बसा. या नियतकालिकाचे वाचक इतक्या भाषांतले आहेत, म्हणून तुम्हालाही विचारते. तुमच्या भाषेत, सामना हातात असताना ज्याचा हात थांबतो, त्याला लोक काय म्हणतात? ते त्या माणसाबद्दल बोलतात, की त्याच्या हाताबद्दल?